स्थलांतरित तरुणांसाठी शहरी वस्तीत सामुदायिक जागा कशी उभारावी

शहरातल्या दाट वस्तीत स्थलांतरित कुटुंबांतील मुलामुलींसाठी जागा उभारायचे ठरले की चर्चा बहुधा इमारतीपासून सुरू होते: किती चौरस मीटर, किती खोल्या, दर्शनी भिंतीवर कोणते चित्र. माझ्या मते ती घड्याळापासून आणि किल्लीपासून सुरू व्हावी. जागा कोणत्या वेळी उघडी राहील, ती कोण उघडेल आणि कोणतेही कारण न सांगता तिथे बसून राहण्याची मुभा कोणाला असेल, हे आधी ठरले तर आराखड्यातले पुष्कळसे प्रश्न आपोआप सुटतात. ते ठरले नाही तर पुरस्कार मिळवणारी इमारतही संध्याकाळी सहाला कुलूपबंद आणि दुपारी ओस पडलेली दिसते. पुढील मार्गदर्शन वास्तुविशारद, नगररचनाकार, स्वयंसेवी संस्थांचे कार्यकर्ते आणि स्थानिक प्रशासनातील अधिकारी यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहे.

आधी पाहावे, मग विचारावे

ज्यांच्यासाठी जागा उभारायची ती मुले एकसारखी नसतात. चौदाव्या वर्षी नुकताच आलेला आणि भाषा अजून न येणारा मुलगा, याच शहरात जन्मूनही ‘मूळची कुठली’ हा प्रश्न सतत ऐकणारी मुलगी, आईवडिलांशिवाय एकटा पोहोचून निवाऱ्यात राहणारा किशोर, आणि शाळा सुटल्यावर धाकट्या भावंडांना सांभाळून घरच्यांसाठी दवाखान्यांत व कार्यालयांत दुभाष्याचे काम करणारी थोरली बहीण, या चौघांना एकाच कार्यक्रमपत्रिकेत बसवता येत नाही. त्यांच्यात समान असते ते बहुधा एवढेच की घर लहान, माणसे जास्त, स्वतःची खोली नाही आणि बाहेर बसायला काहीतरी विकत घ्यावे लागते.

म्हणून पहिले काम निरीक्षणाचे. ही मुले आजच्या घडीला कुठे जमतात याची नोंद शाळा सुटण्याची वेळ, संध्याकाळ, रात्र, सुट्टीचा दिवस आणि पावसाचा दिवस अशा वेगवेगळ्या प्रसंगी करावी. फुकट वायफाय मिळणाऱ्या दुकानाची पायरी, बसथांब्याचे छप्पर, दोन इमारतींमधला बोळ, ग्रंथालयासमोरचा कठडा ही ठिकाणे त्यांनी हिशेबाने निवडलेली असतात. तिथून येणारा-जाणारा दिसतो, पाठीशी भिंत असते, निघून जायला दुसरी वाट असते आणि हटकणारे कमी असतात. नकाशाची प्रत घेऊन दर पंधरा मिनिटांनी किती जण, मुले की मुली, बसलेले की उभे, एकटे की घोळक्यात एवढेच टिपावे. न्यूयॉर्कमध्ये १९७० च्या दशकात शहरी जीवनाचे अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी चौकांचे असेच चिकाटीने निरीक्षण केले. बसायला जागा असेल तिथेच लोक बसतात, हा त्यांचा निष्कर्ष वरवर बाळबोध वाटतो. पण त्याच्या बळावर १९७५ मध्ये त्या शहराच्या नियमांत चौकांमधल्या आसनांचे किमान प्रमाण ठरवले गेले. व्हाइट यांनी कॅमेरा वापरला होता, आपण मात्र कागद-पेन्सिलीवर भागवावे. ज्या घरातली कागदपत्रे अजून अडकलेली आहेत, त्या घरातल्या मुलाला अनोळखी माणसाने काढलेला फोटो ही धास्तीचीच बाब वाटते.

त्यानंतर विचारायचे. सभागृहात शासकीय भाषेत घेतलेल्या बैठकीत ही मुले एक तर येत नाहीत किंवा मागच्या रांगेत गप्प बसतात. त्याऐवजी त्यांनीच वस्तीतून फेरी घडवावी, कुठे थांबायला आवडते, कुठला रस्ता टाळला जातो आणि का हे चालता चालता दाखवावे, आणि आपण ऐकावे. नगररचनाकार केव्हिन लिंच यांनी १९७० च्या दशकात युनेस्कोसाठी अर्जेंटिना, ऑस्ट्रेलिया, मेक्सिको आणि पोलंडमधील शहरांत किशोरवयीनांचा जो अभ्यास केला, त्याचा पाया मुलांना स्वतःच्या परिसराबद्दल स्वतः बोलू देणे हाच होता. मात्र एक पथ्य काटेकोरपणे पाळावे. उपस्थितांतल्याच एखाद्या चुणचुणीत मुलीला इतरांची दुभाषी करू नये. ती इतरांचे म्हणणे सांगत बसते, तिचे स्वतःचे म्हणणे राहून जाते, आणि घरी जे ओझे ती रोज वाहते तेच आपण पुन्हा तिच्या खांद्यावर ठेवतो. दुभाष्याला मोबदला देऊन बोलवावे, आणि वेळ देणाऱ्या तरुणांनाही मोबदला द्यावा. त्यांच्यापैकी अनेकांची ती कामाची वेळ असते.

मुलांच्या सहभागाचे अभ्यासक रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या खालच्या तीन पायऱ्यांना त्यांनी सहभाग मानलेच नाही, कारण तिथे मुलांचा केवळ वापर होतो, त्यांना शोभेसाठी उभे केले जाते किंवा नावापुरते विचारले जाते. आपण कोणत्या पायरीवर आहोत हे ओळखण्याची सोपी कसोटी अशी की मुलांच्या सांगण्यावरून नकाशातली निदान एक महागडी गोष्ट रद्द झाली आहे का, हे पाहावे. रंग निवडायला सांगणे स्वस्त असते. त्यांच्या म्हणण्याखातर कारंजे रद्द करून रात्रीच्या दिव्यांवर पैसा वळवायचा, तर आयोजकांचीही थोडी पंचाईत व्हावी लागते.

प्रशासनाशी वाद घालण्याची वेळ आली तर १९८९ चा संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार उपयोगी पडतो. कलम ३१ मध्ये विश्रांती, खेळ आणि फुरसतीचा हक्क आहे, कलम १२ मध्ये मत ऐकले जाण्याचा, आणि कलम २ नुसार मुलाच्या किंवा त्याच्या पालकांच्या दर्जावरून भेदभाव करता येत नाही. हा करार अठरा वर्षांखालच्यांसाठी आहे. त्यापुढच्या वयाच्या तरुणांसाठी तरतूद करायची तर ती स्वतंत्रपणे मागावी लागते, हे विसरू नये.

ठिकाण आणि दार

मुले जिथे आधीच जमतात तिथून जागा फार दूर नेऊ नये. वस्तीत वेगवेगळ्या समाजांचे पट्टे असतील तर कोणा एकाच्या पट्ट्याच्या मधोमध जाण्यापेक्षा सर्वांची वहिवाट असलेला रस्ता बरा. पोलीस ठाणे किंवा स्थलांतरविषयक कार्यालय शेजारी असलेली जागा भाड्याने स्वस्त पडत असली तरी घेऊ नये.

दाराविषयी मात्र सविस्तर बोलायला हवे, कारण पहिल्यांदा आलेला मुलगा आत जायचे की परत फिरायचे हे दारापाशीच ठरवतो. आत कोण आहे, काय चालले आहे हे बाहेरूनच दिसावे, म्हणजे आत जाण्याआधी अंदाज घेता येतो. दाराबाहेर छप्पर आणि टेकायला कठडा असा एक ओटा असावा, जिथे कोणी नुसते उभे राहिले तरी ‘आत या’ असा आग्रह होणार नाही. पुष्कळ मुले काही आठवडे या ओट्यावरच काढतात आणि मग एके दिवशी पाणी प्यायच्या निमित्ताने आत येतात. आत पाऊल टाकताच समोर टेबल, त्यामागे कर्मचारी आणि पुढ्यात नोंदवही अशी मांडणी टाळावी. कर्मचाऱ्याची बैठक दाराच्या बाजूला, थोडी तिरकी असावी. त्याला सगळे दिसावे, पण येणाऱ्याला आपण तपासणी नाक्यावर उभे आहोत असे वाटू नये. बाहेर पडायला दुसरे दार हवेच, आणि ते फक्त आगीच्या वेळी उघडणारे असू नये. ज्याच्याशी वाद झाला तो समोर उभा असताना गाजावाजा न करता निघून जाता येणे ही सुरक्षिततेची मोठी हमी आहे.

उतार १:१२ पेक्षा, म्हणजे बारा मीटर लांबीत एक मीटर चढापेक्षा, तीव्र नसावा आणि चाकाची खुर्ची वळवायला दीड मीटर व्यासाची मोकळी जागा ठेवावी, ही किमान गोष्ट कोणत्याही सार्वजनिक वास्तूला लागू आहे. इथे तिचा दुहेरी उपयोग होतो, कारण धाकट्या भावंडाची बाबागाडी घेऊन येणाऱ्या मुली त्याच उताराने येतात.

मुली का येत नाहीत

तरुणांसाठी म्हणून उभारलेल्या जागेत काही महिन्यांनी फक्त मुलगेच दिसू लागले, तर त्यामागे रचनाही कारण असू शकते. व्हिएन्ना शहरात मार्गारेटेन या पाचव्या जिल्ह्यात १९९० च्या दशकात झालेल्या पाहणीत असे आढळले की साधारण नऊ-दहा वर्षांच्या वयानंतर मुली उद्यानांतून दिसेनाशा होतात, मुलगे मात्र येत राहतात. एकच मोठे मैदान असले की ते जोरकस गटाच्या ताब्यात जाते आणि त्यांना हुसकावून लावून जागा मिळवण्याऐवजी मुली येणेच सोडतात. १९९९ पासून तिथल्या दोन उद्यानांची फेररचना झाली. पायवाटा वाढवल्या, व्हॉलीबॉल आणि बॅडमिंटनची मैदाने आली, आणि मोठ्या मोकळ्या भागाचे झाडाझुडपांनी लहान लहान अर्धबंदिस्त कप्पे केले. लवकरच मुली आणि मुलगे दोघेही, कोणी कोणावर कुरघोडी न करता, तिथे वावरू लागले.

यातून घेण्यासारखे बरेच आहे. फुटबॉलसाठी उंच जाळीचा पिंजरा आणि त्याला एकच फाटक ही रचना अनेक शहरांत सर्रास दिसते, आणि तीच सर्वांत वाईट. फाटकाशी चार जण उभे राहिले की मैदान त्यांचे होते. फाटके निदान दोन ठेवावीत, शक्य असेल तर एक बाजू अर्धी उघडी सोडावी. एका पूर्ण बास्केटबॉल मैदानाला २८ गुणिले १५ मीटर जागा लागते, तर तिघा-तिघांच्या खेळाचे अर्धे मैदान १५ गुणिले ११ मीटरमध्ये बसते. माझ्या मते पूर्ण मैदानाएवढ्या जागेत एक अर्धे मैदान आणि उरलेल्या भागात झोके, पायऱ्या व समोरासमोर बसता येईल अशी आसने देणे जास्त फलदायी ठरते. लांबलचक सरळ बाकावर पाच मैत्रिणींना एकमेकींचे तोंड दिसत नाही. मोठ्या मुलींना झोका आवडत नाही असे गृहीत धरून झोके लहान मुलांच्या मापाचेच घेतले जातात, तेही चूक.

स्थलांतरित घरांत आणखी एक गुंता असतो. मुलीला परवानगी द्यायची की नाही हे आई, मावशी किंवा थोरला भाऊ जागा पाहून ठरवतो. रस्त्यावरून जाता जाता आतला वावर दिसला की घरच्यांची काळजी कमी होते. पण घरच्यांची नजर कायम खिळून राहिली तर मुलीला ती जागा घराचाच विस्तार वाटते. यावर चांगला तोडगा म्हणजे पुढचा भाग उघडा, मागचा भाग आडोशाचा आणि दोन्हींच्या मध्ये मुलींच्या परिचयाची एक कार्यकर्ती. फक्त मुलींसाठी आठवड्यातले काही तास ठेवावेत, आणि ते गैरसोयीच्या वेळी ढकलू नयेत.

आतल्या खोल्या

ध्वनी ही गोष्ट अशा प्रकल्पांत फार दुर्लक्षित राहते. नवी भाषा शिकणाऱ्याला गोंगाटात शब्द पकडणे ती भाषा लहानपणापासून बोलणाऱ्यापेक्षा बरेच जड जाते. काँक्रीटची छते, टाइल्सची जमीन आणि काचेच्या भिंती यांच्यामुळे आवाज घुमत राहतो आणि तो मुलगा हळूहळू संभाषणातून अंग काढून घेतो. बाहेरून पाहणाऱ्याला तो बुजरा वाटतो. वर्गखोल्यांसाठीच्या अमेरिकी मानकानुसार सुमारे २८० घनमीटरपर्यंतच्या खोलीत घुमण्याचा काळ (म्हणजे आवाज थांबल्यावर त्याचा घुमारा विरायला लागणारा वेळ) ०.६ सेकंदापेक्षा जास्त आणि पार्श्वभूमीचा आवाज ३५ डेसिबलपेक्षा जास्त नसावा. गप्पांच्या आणि अभ्यासाच्या खोल्यांना हाच निकष लावावा. उपकरण नसेल तर रिकाम्या खोलीत मधोमध उभे राहून एक जोरदार टाळी वाजवावी. मागून झणझणाट ऐकू आला तर छताला सच्छिद्र पत्रे किंवा नमद्याचे तक्ते, खिडक्यांना जाड पडदे आणि भिंतीला भरलेली पुस्तकांची कपाटे लावून तो शोषून घ्यावा. हे सारे एका सजावटीच्या भित्तिचित्रापेक्षा फार महाग पडत नाही.

मोठ्या खोलीला लागून एक-दोन जण मावतील अशा, दार लागणाऱ्या छोट्या खोल्या असाव्यात. ज्यांचे आजीआजोबा किंवा आईवडील दुसऱ्या देशात आहेत, त्यांना घड्याळातल्या अंतरामुळे भलत्या वेळी फोन करावा लागतो, आणि गर्दीच्या घरात रडता येत नाही की भांडता येत नाही. त्याच खोलीत कधी प्रार्थना होईल, कधी ऑनलाइन मुलाखत, कधी नुसती शांतता. दारावर एकाच उपयोगाचे नाव लिहू नये.

स्वयंपाकघर खरेखुरे हवे. चहा-कॉफीचा कोपरा म्हणजे स्वयंपाकघर नव्हे. एकाच वेळी दोन गटांना शिजवता येईल असे दोन ओटे, दोन शेगड्या आणि दोन नळ द्यावेत, आणि भांड्यांची कपाटे वेगवेगळी ठेवावीत, कारण एखाद्याला जे वर्ज्य ते दुसऱ्याच्या रोजच्या जेवणात असते आणि हा पेच वाद करून सुटत नाही, कपाट वेगळे केले की सुटतो. स्वच्छतागृहात जमिनीपासून छतापर्यंत बंद कप्पे, आत पाण्याची सोय आणि पाय धुता येतील असा खालचा नळ असावा. वायफायला स्थानिक फोन क्रमांक किंवा ओळखपत्र लागू नये. कुलपाची कपाटे द्यावीत. घरी जागा नसलेल्या मुलाला आपली वही, बूट किंवा वाद्य ठेवायला ती लागतात.

भिंतीवर काय लिहावे

कोपनहेगनमधील नॉरेब्रो भागात २०१२ मध्ये सुपरकिलेन नावाचे उद्यान खुले झाले. तिथे राहणाऱ्या सुमारे साठ देशांतील लोकांच्या मुलखांतून बाके, दिवे, झोके, फलक अशा वस्तू निवडून आणल्या किंवा त्यांच्या प्रतिकृती बसवल्या गेल्या. शहराच्या पातळीवर ही कल्पना धीट आहे आणि रहिवाशांना वस्तू सुचवायला सांगणे हेही चांगलेच. पण लहान वस्तीतल्या तरुणांच्या जागेसाठी तिची नक्कल करू नये असे मला वाटते. आजोबांच्या गावचा बाक या शहरात जन्मलेल्या नातवाला आपला वाटेलच असे नाही. त्याला कदाचित इथलीच एखादी गोष्ट जास्त जवळची असेल. झेंड्यांबाबत तर विशेष सावध राहावे. आपण आपुलकीने लावलेला झेंडा ज्या राजवटीचा, तिच्याच छळाला कंटाळून समोरचे कुटुंब पळून आलेले असू शकते. वस्तू लावायच्याच असतील तर त्या काढता येतील अशा असाव्यात आणि त्या बदलण्याचा अधिकार मुलांकडे असावा.

पाट्या वस्तीत बोलल्या जाणाऱ्या भाषांत हव्यात, पण सगळ्या भाषा एकाच पाटीवर कोंबू नयेत. वेळा, नियम आणि मदतीचा क्रमांक एवढे पुरे, बाकी चिन्हांनी भागते. अरबी, फारसी किंवा उर्दू मजकूर असेल तर ती भाषा वाचणाऱ्या व्यक्तीला छपाईपूर्वीची अंतिम प्रत दाखवावी. सॉफ्टवेअरच्या गफलतीने जोडून लिहायची अक्षरे सुटी होऊन उलट्या क्रमाने छापलेली अरबी पाटी अनेक सरकारी कार्यालयांत लागलेली असते, आणि ज्यांच्यासाठी ती लावली त्यांना तिच्यातून एवढेच कळते की आपल्याला कोणी विचारले नाही.

नियम, नोंदी आणि पहारा

ब्रिटनमध्ये २००५ मध्ये एक यंत्र आले, जे सुमारे १७ किलोहर्ट्झचा कर्कश आवाज सोडते. वयानुसार श्रवणशक्ती घटत असल्याने तो मोठ्यांना ऐकू येत नाही आणि तरुणांना सहन होत नाही. युरोप परिषदेच्या संसदीय सभेने २०१० मध्ये अशा यंत्रांवर बंदीची शिफारस केली. इतके उघड हुसकावणे आपण करणार नाही, पण आडवे होता येऊ नये म्हणून बाकांच्या मध्ये बसवलेले दांडे, टेकू नये म्हणून लावलेली टोके आणि ‘विनाकारण थांबू नये’ अशी पाटी याच जातकुळीची. ती काढून टाकावीत.

नोंदणी शक्य तितकी कमी ठेवावी. हाक मारायचे नाव आणि अडचणीत कळवायचा एक क्रमांक पुरतो. नागरिकत्व, व्हिसा किंवा कागदपत्रांची स्थिती कधीच विचारू नये. अनुदान देणाऱ्याला आकडे हवे असतील तर हजेरीची निनावी मोजणी द्यावी, आणि करारावर सही करण्यापूर्वीच हे स्पष्ट करून घ्यावे. कॅमेरा असलाच तर दाराबाहेर असावा, आणि त्याचे चित्रण कोण पाहते व किती दिवस ठेवते हे पाटीवर लिहावे. एखादी सरकारी यंत्रणा चौकशीला आली तर कोणी बोलायचे, कोणता कागद मागायचा आणि कोणत्या वकिलाला फोन करायचा याची एक पानी सूचना स्थानिक कायद्याच्या जाणकाराकडून तयार करून प्रत्येक कर्मचाऱ्याला द्यावी. ऐनवेळी गोंधळलेला एक स्वयंसेवक सगळ्यांचा विश्वास क्षणात घालवू शकतो.

पैसा, माणसे आणि टप्पे

बांधकामाला देणगीदार मिळतात. पगाराला मिळत नाहीत. म्हणून निधी मागतानाच निदान तीन वर्षांचे पगार, वीज, सफाई आणि डागडुजी धरून मागावा, आणि रक्कम अपुरी पडली तर इमारत लहान करावी, तास कमी करू नयेत. कर्मचाऱ्यांत त्याच वस्तीतून मोठे झालेले, त्या भाषा बोलणारे लोक असावेत आणि त्यांना कायम नेमणूक असावी. दर सहा महिन्यांनी नवा चेहरा दिसला की मुले बोलणे थांबवतात.

टप्प्याटप्प्याने वाढणे हे या कामात कमीपणाचे नाही. जेन ॲडम्स आणि एलन गेट्स स्टार या १८८९ मध्ये शिकागोच्या स्थलांतरितांच्या वस्तीत एका जुन्या घरात राहायला गेल्या. शेजाऱ्यांना काय हवे ते पाहत त्यांचे हे केंद्र, हल हाउस, वाढत गेले आणि पुढच्या साधारण दोन दशकांत त्या एका घराच्या तेरा इमारती झाल्या. ॲमस्टरडॅममध्ये वास्तुविशारद आल्डो व्हान आयक यांनी १९४७ पासून पडीक तुकड्यांवर आणि चौकांच्या कोपऱ्यांत वाळूचा हौद, लोखंडी कमानी, दगडी ठोकळे एवढ्याच सामग्रीतून सातशेहून अधिक क्रीडास्थळे उभी केली. एका भव्य केंद्रापेक्षा पायी अंतरावर विखुरलेल्या तीन-चार साध्या जागा अनेकदा जास्त वापरल्या जातात. त्यामुळे कायमचे काम काढण्यापूर्वी एक हंगामभर रंग, हलवता येणाऱ्या खुर्च्या, तात्पुरते दिवे आणि ताडपत्री यांच्या साहाय्याने प्रयोग करावा. संध्याकाळी खुर्च्या जिथे ओढून नेलेल्या दिसतात तिथे पक्के बाक बसवावेत.

किल्लीचा प्रश्न इथे पुन्हा येतो. तरुणांची समिती नेमून तिच्या हाती फक्त सूचनापेटी देणे व्यर्थ आहे. आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळची किल्ली, एक लहान अंदाजपत्रक आणि नियम बदलण्याचा अधिकार तिला द्यावा. समितीत मुली, नव्याने आलेले आणि संख्येने लहान गट यांच्या जागा राखीव असाव्यात, नाही तर सर्वांत मोठा गट ती आपलीच समजतो. मुले मोठी होऊन निघून जातात, म्हणून दरवर्षी निम्मे सदस्य बदलावेत आणि जुन्यांनी नव्यांना महिनाभर सोबत घेऊन काम शिकवावे.

वर्षभरानंतर त्याच वेळांना, त्याच पद्धतीने पुन्हा मोजणी करावी. एकूण हजेरी किती वाढली यापेक्षा कोण येत नाही हे पाहावे, आणि न येणाऱ्यांना ते आता जिथे बसतात तिथे जाऊन विचारावे. उत्तरे बहुधा किरकोळ वाटणारी असतात: फाटकापाशी अंधार आहे, शेवटची बस आधी सुटते, अमुक मुले कायम तिथे असतात. अशा दुरुस्त्यांसाठी एकूण निधीचा दहावा हिस्सा खर्च न करता बाजूला ठेवावा आणि दिवा हलवणे, नवे फाटक काढणे किंवा वेळ बदलणे यांसाठी नवी निविदा काढावी लागणार नाही अशी परवानगी प्रशासनाकडून सुरुवातीलाच लेखी घ्यावी.